अर्धी विहीर

सात एकर चौदा गुंठे वावर. विहीर एक, कठडा पश्चिमेकडून ढासळलेला. मोटारीची खोली एक, मोटार नाही. चिंच एक. बाभळी सदतीस. गाजरगवत अगणित. वारस दोन.

ही यादी मी स्वतः केली आहे, दोनदा मोजून. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि प्रयोगशाळेत केसाची जाडीसुद्धा मोजली आहे. त्यामुळे दहा वर्षं न सुटलेलं आमच्या घरचं वाटणीचं भांडण मी एका रविवारी सोडवून दाखवीन, असं जाहीर करताना मला त्यात काहीच फुशारकी वाटली नाही. वावर केसापेक्षा मोठं असतं. मोजायला सोपंच असणार!

आधी भांडण समजून घ्या. माझे आजोबा, नानाजी, दहा वर्षांपूर्वी गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. कोणी विषय काढला की म्हणायचे, "कागद कायले पाह्यजे? मोठ्यानं हिस्से पाडा, लहान्यानं पयले उचला. झालं!" आमच्याकडची ही जुनी रीत. उरलेला हिस्सा आपल्यालाच मिळणार हे माहीत असल्यामुळे मोठा माणूस निमूटपणे सारखे हिस्से पाडतो. इतकी शास्त्रशुद्ध रीत मी पुस्तकातही पाहिलेली नाही.

फक्त एक अडचण आली. नानाजींच्या तेरवीला मोठं व्हायला कोणी तयारच होईना!

माझे बाबा, अनंत, थोरले. गोपालकाका दीड वर्षानं धाकटे. हे आमच्या गावाला, अर्ध्या दारव्हा तालुक्याला आणि खुद्द त्या दोघांना ठाऊक आहे. पण दोघांना शाळेत घातलं एकाच दिवशी. जन्मतारखा घरात कोणालाच माहीत नव्हत्या. गुरुजींनी त्या काळची परीक्षा घेतली: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकड! काकांचे हात लांब. त्यांनी कान पकडला आणि वर पिळूनही दाखवला. बाबांचा हात टाळूवरच संपला. गुरुजींनी दोघांचीही एक जुलै लिहिली आणि काकांना एका वर्षानं मोठं करून टाकलं.

चोपन्न वर्षं थोरलेपण भोगलेल्या माझ्या बाबांनी तेरवीच्या दिवशी खिशातून शाळेचा दाखला काढला आणि ते सगळ्यांसमक्ष धाकटे झाले!

"दादा, अबे लाज वाटू दे!" काका ओरडले. "मले खांद्यावर घेऊन तू बैलं पाह्यले नेत होता!"

"कागदावर तू मोठा हायस," बाबा म्हणाले. "आणि मले दादा म्हणू नको, दादा."

तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. फक्त एकमेकांच्या पाया पडतात! लग्न असो, बारसं असो, चार साक्षीदार दिसले की दोघेही चपला काढतात आणि धाकटेपण सिद्ध करायला वाकतात. एकदा दारव्ह्याच्या एस.टी. स्टँडवर दोघे एकमेकांच्या पायांसाठी असे झोंबले की कंडक्टरनं बस थांबवून भांडण सोडवलं. आणि वावर मात्र पडीत. जो आधी नांगर घालेल तो मोठा ठरेल, म्हणून दहा वर्षं कोणीच पेरलं नव्हतं.

माझा उपाय साधा होता. दोन्ही हिस्से तंतोतंत सारखे पाडले, तर आधी कोण उचलतो याला अर्थच उरत नाही!

निघण्याआधी रजनीआत्याला फोन केला. आत्या म्हणजे या दोघांची बहीण. दारव्ह्याला भाड्याच्या खोलीत शिवणकाम करते आणि दहा वर्षं इकडचे निरोप तिकडे पोचवते. त्या महिन्यात घरमालकानं तिला खोली रिकामी करायला सांगितली होती, त्यामुळे ती जरा चिंतेत होती.

"हिस्से किती पाडून राह्यली?" तिनं विचारलं.

"दोन. अगदी सारखे!"

फोनवर शिलाई मशीन एकदम जोरात खडखडलं.

"बरं," आत्या म्हणाली. "मी बी येतो रविवारी. माहं एक काम हाय त्या वावरात."

चिंचा न्यायच्या असतील, असा मी अंदाज केला.

शनिवारी मी तीस मीटरचा टेप, चुन्याचं पोतं आणि सुतळीचं बंडल घेऊन वावरात उतरले. टेपचं दुसरं टोक शेजारच्या वावरातल्या हिरासिंगभाऊंनी धरलं. सकाळपासून उन्हात मोजून मी एक सरळ रेघ काढली. इकडे तीन एकर सत्तावीस गुंठे, तिकडे तीन एकर सत्तावीस गुंठे! विहीर कोणाच्या बाजूला जावी हा प्रश्न मी ती रेघ विहिरीच्या बरोबर मध्यबिंदूतून नेऊन सोडवला. पाण्यावर चुना टाकता येत नाही, म्हणून विहिरीवर सुतळी ताणून बांधली.

हिरासिंगभाऊ बराच वेळ आत वाकून पाहत होते.

"ताई, अर्ध्या विहिरीत बालटी कशी सोडाची?"

"त्रिज्येनं सोडायची," मी म्हणाले.

"हौ," ते म्हणाले आणि टेप सोडून पाणी प्यायला गेले. स्वतःच्या विहिरीवर!

रविवारी दहा वाजता बाबा यवतमाळहून आले, काका गावातून. हिरासिंगभाऊ साक्षीला म्हणून आले. त्यांच्या मागोमाग आणखी नऊ जण साक्षीला आले, ते कोणी बोलावले नव्हते. आत्या चिंचेखाली पिशवी घेऊन बसली होती.

दोघांना विहिरीपाशी रेघेच्या दोन बाजूंना उभं करून मी भाषण सुरू केलं. "हे बघा, हिस्से समान असल्यामुळे मोठा कोण..."

'मोठा' हा शब्द कानावर पडताच दोघांनी चपला काढल्या!

"दादा, आशीर्वाद द्या!" बाबा गरजले.

"तुमीच द्या, दादा!" काका गरजले.

दोघे एकाच क्षणी, एकाच वेगानं वाकले. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला! बाबा मागे कोलमडले, त्यांचा पाय सुतळीत अडकला आणि त्यांनी काढून ठेवलेली डावी चप्पल लाथेनं उडून ढासळलेल्या कठड्यावरून थेट विहिरीत गेली.

चप्पल प्लॅस्टिकची. घनता पाण्यापेक्षा कमी. ती तरंगली.

"काढ!" बाबा कपाळ धरून म्हणाले. "तुह्या हिश्शात पडली."

"तुह्या हिश्शात हाय ते! सुतळी पाह्य ना!"

आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. चप्पल हळूहळू फिरत सुतळीखालून काकांच्या बाजूला गेली.

"पाह्यलं? तुह्याकडं आली!"

"थांब, परतून राह्यली!"

बघे दहा जण, त्यांचे दोन तट पडले. चप्पल साधारण दर चाळीस सेकंदांनी हिस्सा बदलत होती. हे मी सांगू शकते, कारण मी वेळ लावून पाहत होते. दुसरं काय करावं ते मला सुचतच नव्हतं!

तेवढ्यात आत्या उठली. पिशवीतून तिनं दोर काढला, छोटी बालटी काढली, सुतळी दातानं तोडली आणि एका झोक्यात चप्पल वर घेतली. ती बाबांच्या पुढ्यात टाकून म्हणाली, "बोला आता. सगळ्यात लहाना कोण?"

"मी!" बाबा.

"मी!" काका.

"दोघं बी खोटे," आत्या म्हणाली. "मी शाळेत गेली तवा तुमी दोघं चौथीत नापास होऊन बसले होते. सगळ्यात लहानी मी हाय. कागदावर बी, आन् खरी बी."

बाबांनी काकांकडे पाहिलं. दहा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालेलं दिसत होतं, निदान चेहऱ्यावर.

"पर रजनी," काका चाचरत म्हणाले, "तुले कोणी नाई म्हटलं का?"

"इचारलं बी कोणी नाई ना!" मग ती माझ्याकडे वळली. "तू तर लय शिकली बाई. झाडं मोजली, बाभळी मोजल्या. आमी नानाजीचे लेकरं किती, हे नाई मोजता आलं? तुह्या बापाले लेकरं किती?"

"दोन. मी आणि रजत," मी म्हणाले.

"पक्कं? नीट मोज. नाही त उद्या रजतची पोरगी तुले सोडून एकच मोजीन."

मी चुन्याचं पोतं उचललं. दुपारभर पुन्हा टेप धरला. या वेळी दुसरं टोक बाबांनी आणि काकांनी आळीपाळीनं धरलं. तीन हिस्से झाले. आत्यानं पहिला उचलला: मोटारीची खोली, चिंच आणि अख्खी विहीर असलेला. "या खोलीपुढं दोन खोल्या काढतो," ती म्हणाली. "घरमालकाले आजच फोन करतो."

उरलेल्या दोन हिश्शांमध्ये विहीर नव्हती, चिंच नव्हती, भांडायला काही नव्हतं. बाबांनी डावा घेतला, काकांनी उजवा. आधी कोणी घेतला, ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

"आन् पाणी?" बाबांनी हळूच विचारलं.

"देईन ना," आत्या दोर गुंडाळत म्हणाली. "पर मागाले दोघं संगं येजा. एकट्याले मी ओळखत नाई."

घरी येऊन मी यादी दुरुस्त केली.

सात एकर चौदा गुंठे वावर. विहीर एक. मोटारीची खोली एक. चिंच एक. बाभळी सदतीस. टेंगळं दोन, प्रत्येकी साडेतीन सेंटिमीटर. वारस तीन, प्रत्येकी दोन एकर अठरा गुंठे.