भांडवल सरांची म्हातारी

भांडवल सरांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लेक्चर बुधवारी सकाळी झालं, आणि ते संपायच्या आतच त्यांचा वर्ग रिकामा व्हायला लागला.

सर विद्यापीठात पहिल्या वर्षाला 'व्यवसाय वित्ताची ओळख' हा विषय शिकवत. 'भांडवल' हा शब्द ते दर दोन वाक्यांनी आणि इतक्या मायेने उच्चारत, की मुलांनी त्यांचं तेच नाव ठेवलं होतं. विषय ऐच्छिक होता. पहिले काही आठवडे बसून बघायचं आणि पसंत नसेल तर चौथ्या शनिवारी दुपारपर्यंत बदलून घ्यायचा, असा नियम होता. तीसपेक्षा कमी मुलं उरली तर वर्ग बंद. आणि वर्ग बंद झाला, की सरांची रवानगी संध्याकाळच्या 'कार्यालयीन पत्रव्यवहार' या वर्गावर. तिथे त्यांनी मागे एकदा सहा महिने काढले होते. शेवटी शेवटी तर ते घरी भाजी कमी तिखट झाली हे सांगतानाही 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात करायला लागले होते. पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून त्यांनी बुधवारच्या लेक्चरची जिवापाड तयारी केली होती. वर्गात चौतीस मुलं होती, म्हणजे काळजीचं तसं कारण नव्हतं.

त्या दिवशीचा धडा होता बुडीत खर्चाचा. जो पैसा, जो वेळ एकदा गेला तो काही केल्या परत येत नाही, म्हणून पुढचा निर्णय घेताना तो मनात धरायचाच नाही, एवढीच गोष्ट. पण सरांनी ती सिनेमाचं उदाहरण देऊन अशी काही रंगवली, की शेवटच्या बाकावरचेही जागे झाले. तिकीट महागाचं आहे, सिनेमा रटाळ आहे, मध्यंतर झालंय. आता बसायचं की उठायचं? तिकिटाचे पैसे तर दोन्हीकडून गेलेच. मग पुढचा दीड तास कुठे बरा जाईल, एवढंच बघायचं.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. ती तासाला इतक्या शंका विचारायची, की सगळे तिला शंका म्हणूनच हाक मारत. तिने हात वर केला.

"सर, म्हणजे या विषयाची फी भरली, तीन आठवडे बसलो, तेही धरायचं नाही?"

"अजिबात नाही," सर खुशीत म्हणाले.

"फक्त पुढे काय मिळणार तेवढंच बघायचं?"

"फक्त पुढचं."

शंकाने थोडा विचार केला. मग पेनाला टोपण लावलं, वही बॅगेत टाकली आणि ती उभी राहिली. "थँक यू सर. फार छान समजलं," असं म्हणून ती निघून गेली. सरांना क्षणभर भरून आलं. इतक्या वर्षांत शिकवलेलं जागच्या जागी वापरणारी ही पहिलीच विद्यार्थिनी होती. तिच्या मागोमाग खिडकीजवळचे दोघे उठले, मग एक अख्खा बाक उठला, आणि सरांचं भरून आलेलं हळूहळू ओसरलं.

दुपारी विभागप्रमुख मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर विषय बदलून मागणाऱ्यांचे अर्ज होते.

"पंचवीस उरलेत, सर. काय शिकवलंत सकाळी?"

"बुडीत खर्च, मॅडम."

"कसा शिकवलात?"

"मन लावून."

"तेच नडलं," मॅडम म्हणाल्या. शनिवारपर्यंत तीस दिसले नाहीत तर पत्रव्यवहाराच्या वर्गात फळा आणि खडू दोन्ही तयार आहेत, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं.

गेलेली मुलं बहुतेक पर्यटनाच्या वर्गात गेली होती. पर्यटनाचे सर खोलीत अंधार करून समुद्रकिनारे दाखवत, त्यामुळे तिथे झोपही चांगली लागे. भांडवल सरांनी मुलांना कॅन्टीनमध्ये गाठलं. स्वतःच्या पैशाने सगळ्यांना चहा पाजला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, तीन आठवडे घातलेत तुम्ही. ते असे वाया घालवू नका."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. गळ्यात हेडफोन अडकवलेला एक जण अदबीने म्हणाला, "सर, तो बुडीत खर्च झाला."

सरांनी आणखी एकेक चहा मागवला. मग त्यांनी पुढच्या आयुष्याची भीती घालून पाहिली, नोकरीत किती उपयोग होतो ते सांगून पाहिलं. शंका सगळं शांतपणे ऐकत होती. पर्यटनात पुढे सहल आहे, तुमच्याकडे पुढे काय आहे, असं तिने सरळ विचारलं. सरांकडे पुढे पैशाचं कालमूल्य होतं, म्हणजे आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा का, हे. त्यांनी ते सांगितलं. मुलांनी उरलेला चहा संपवला. शेजारच्या टेबलावर अजून न गेलेली दोन मुलं बसली होती. हे सगळं ऐकून तीही संध्याकाळपर्यंत अर्ज देऊन मोकळी झाली.

आता इथे सरांच्या गाडीबद्दल सांगायला हवं. घरात तिला म्हातारी म्हणत. सरांनी ती घेतली तेव्हाही ती जुनीच होती, आणि तेव्हापासून तिच्यात एकेक नवा भाग बसत गेला होता. आता जुनं असं तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं, तरी ती म्हातारीच होती. सरांची बायको एका औषधाच्या दुकानात होती. रोज संध्याकाळी सर तिला घ्यायला जात, आणि तिला बसने लवकर पोचता आलं असतं हे ती रोज सांगे.

गुरुवारी संध्याकाळी म्हातारी विद्यापीठासमोरच्या बसथांब्यापाशी बंद पडली. बायको उतरली, पर्स खांद्यावर आडवी घेतली आणि मागे जाऊन आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. थांब्यावर बसची वाट बघत असलेली शंका मदतीला धावली. दोघींनी ढकलत म्हातारीला कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत नेलं. सर आत बसून स्टिअरिंग सांभाळत होते आणि दोघींना धीर देत होते.

गॅरेजवाल्याने घरच्या माणसाचं करावं तसं स्वागत केलं. बॉनेट उघडून त्याने मान हलवली. सेल्फ स्टार्टर गेला होता.

"पुरे झालं आता," बायको म्हणाली. "विकून टाका."

"वहिनी, असं कसं?" गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. "इंजिन केलं, गिअरबॉक्स केला, एवढं घातलंय हिच्यात. आता सेल्फपाशी येऊन सोडायची?"

"तेच म्हणतो मी," सर कळवळून म्हणाले. "एवढं केल्यावर आता सोडायची म्हणजे केलेलं सगळं वाया."

मागून कुणीतरी खोकलं. सरांनी वळून पाहिलं, तर शंका उभी होती आणि तिचा हात वर होता.

"सर, ते केलेलं धरायचं नसतं ना?"

"नसतं," सर म्हणाले. "म्हणजे, तसं धरायचं नसतंच. पण मागच्याच महिन्यात सीट कव्हरं घातलीत गं."

बायकोने मुलीकडे निरखून पाहिलं. "तू यांच्या वर्गात आहेस?"

"होते, काकू."

"सुटलीस," बायको म्हणाली.

सरांना त्या दिवशी खरोखर लाज वाटली. इतकी वर्षं जे शिकवलं ते स्वतःच्या डोक्यात शिरलेलं नाही, हे एका विद्यार्थिनीने भर रस्त्यात पाहिलं होतं. शुक्रवारी सकाळी ते वर्गाकडे निघाले ते निरोपाची दोन वाक्यं मनात जुळवतच. निदान ती तरी 'उपरोक्त'ने सुरू व्हायला नकोत, एवढी काळजी त्यांनी घेतली होती.

दार उघडलं आणि ते दारातच थांबले. वर्ग भरला होता. गेलेले सगळे परत आले होते, शिवाय पर्यटनाच्या वर्गातले काही मूळचे लोकही दिसत होते. पहिल्या बाकावर शंका होती.

"तुम्ही तर सोडलात ना विषय?" सरांनी विचारलं.

"सर, आम्हाला वाटलं, समजलं, आता काय राहिलंय," शंका म्हणाली. "पण काल तुम्हाला पाहिलं. तुम्ही एवढी वर्षं शिकवताय, तरी तुम्हाला जमत नाही. म्हणजे वाटतो तेवढा सोपा नाहीये हा विषय. मी सगळ्यांना सांगितलं."

इतकी मोठी दाद आणि इतका मोठा अपमान सरांना एकाच वाक्यात कधी मिळाला नव्हता. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'म्हातारी'. मग तासभर वर्गाने म्हातारीची अशी उलटतपासणी केली, की विचारता सोय नाही. विकून काय येईल, ठेवून काय जाईल, बसने किती लागेल. सीट कव्हरांचा मुद्दा सरांनी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा वर्गाने तो एकमताने खोडला. शेवटी सरांनी खडू खाली ठेवला. "पटलं," ते म्हणाले, आणि ते त्यांना खरंच पटलं होतं. "उद्याच विकतो."

"विकायची नाही," दारातून आवाज आला. विभागप्रमुख मॅडम कधीपासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे. "एकेचाळीस मुलं आहेत वर्गात. मी मोजली. घसारा, विमा, कालमूल्य, सगळं या गाडीवरच शिकवा. परीक्षा होईपर्यंत ती जायची नाही. मागच्या शेडमध्ये जागा देते तिला."

घरी आल्यावर सरांनी बायकोला समोर बसवलं. आता म्हातारीपासून पुढे फायदा आहे, मागचं काहीही धरलेलं नाही, तेव्हा गाडी ठेवणं शास्त्रात बसतं, असं त्यांनी सांगितलं. म्हातारी ठेवण्याचं त्यांचं कारण पहिल्यांदाच बरोबर होतं, आणि त्यामुळे बायकोला ते खोडता येईना. तिने पर्स उघडून बससाठी सुटे पैसे मोजले.

"मी यापुढे बसने येणार," ती शेवटी म्हणाली. "आणि धक्का मारणार नाही."

"त्याची सोय झालीय," सर म्हणाले.

सेल्फवर खर्च करण्यात अर्थ नाही, असा वर्गाचा हिशेब निघाला होता, म्हणून तो बदललेला नाही. घराजवळच्या उतारावर म्हातारी कशीबशी चालू होते आणि रोज सकाळी फाटकातल्या गतिरोधकावर नेमाने बंद पडते. तिथून शेडपर्यंत चढ आहे. पहिल्या वर्षाची पोरं धापा टाकत तिला वर नेतात आणि सर आत बसून धीर देतात. अशाच एका सकाळी मुलं घाम पुसत वर्गात आली. सर फळा पुसत होते. मागे हेडफोनवाला हळूच म्हणत होता, आज फार कंटाळा आलाय, पर्यटनाच्या वर्गात अंधार असेल, जाऊन झोपूया का.

"वेडा आहेस का?" शंका म्हणाली. "आता एवढा धक्का मारलाय, तर बसूया."

सरांनी ते स्वच्छ ऐकलं. ही चूक तिथल्या तिथे दाखवून देणं हे शिक्षक म्हणून त्यांचं कर्तव्य होतं. त्यांनी फळ्याचा उरलेला कोपरा सावकाश पुसला, आणि वर्गाकडे वळून पुढचा धडा सुरू केला.