भालेरावांची हद्द

मुलांनो, आजचं जंगल एका दिवाणखान्यात होतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, चारही बाजूंनी काच. आत पाणवनस्पती होत्या, दगड होते, एक करवंटी होती आणि पाइपाचा एक तुकडा होता. हसू नका. दर रविवारी ज्याचं पाणी बदललं जातं असं दुसरं जंगल मला दाखवा.

या जंगलात भालेराव नावाचे एक बिचिर मासे राहत असत. बिचिर म्हणजे सापासारखा लांब मासा. पाठीवर बारक्या परांची रांग, जणू भालेच उभे केलेत. म्हणून हे नाव. बिचिरचं एक विशेष आहे. त्याला नुसतं पाणी पुरत नाही. अधूनमधून वर येऊन तो तोंडभर हवा घेतो आणि पुन्हा तळाशी जाऊन पडतो.

भालेराव दिवसभर पाइपात पडून असत. स्वभावाने अगदी शांत. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. भांडायला तिथे कुणी नव्हतंच. एक गोगलगाय तेवढी होती, गोदाक्का. तिला भालेरावांनी एकदा तोंडात घेऊन पाहिलं होतं. शंख दातांना लागला. तेव्हापासून ते तिला आदराने अक्का म्हणत.

जंगलाच्या मालकीणबाईंचं नाव ललिताबाई कर्णिक. एक दिवस त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, एकटाच असतो बिचारा. याला सोबत आणू या."

"त्याने मागितली का सोबत?" मोरेश्वरराव वर्तमानपत्रातून म्हणाले.

"सगळ्याच गोष्टी मागाव्या लागतात का?" ललिताबाई म्हणाल्या, आणि संध्याकाळी एक छोटा बिचिर घरी आला. त्याचं नाव ठेवलं सोनबा.

सोनबा पोरसवदा होता, पण वळणाचा होता. तो पाइपाजवळ गेला आणि म्हणाला, "काका, नमस्कार. जरा इथे टेकू का?"

"हे घर माझं आहे," भालेराव म्हणाले.

"मग बाहेर बसतो. इथे सावलीत."

"सावली घराचीच ना? मग तीही माझी."

सोनबा करवंटीत गेला. दुसऱ्या दिवशी भालेराव करवंटी बघून आले. त्यांना ती आवडली नाही, पण दुसऱ्याची असावी हेही आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी कोळंबीचे तुकडे जिथे पडत ती जागा त्यांची झाली. चौथ्या दिवशी दगड. भालेराव बिचारे दमून गेले. पाइपात जाऊन बसलं की करवंटीची काळजी, करवंटीत बसलं की पाइपाची. आयुष्यात एवढी धावपळ त्यांनी कधी केली नव्हती. कोळंबी तशीच कुजून जाई, कारण राखणदाराला खायला सवड नसते.

मग भालेरावांना आणखी एक शोध लागला. सोनबा हवा घ्यायला वर जातो! म्हणजे आपल्या हद्दीवरची हवा घेतो!

"अहो काका, हवा कुणाची असते का?" सोनबा म्हणाला.

"आजवर ती मीच घेत आलोय. विचार अक्कांना."

गोदाक्कांनी मध्यस्थी करायचं कबूल केलं. सोनबा त्यांना म्हणाला, "अक्का, काकांना एवढंच सांगा, मला दिवसातून चार वेळा वर जाऊ द्या." अक्का लगेच निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. तोपर्यंत सोनबा तीनदा वर जायला निघाला होता आणि तिन्ही वेळा भालेरावांनी त्याला खाली ओढलं होतं. तिसऱ्या वेळी त्याचं शेपूट फाटलं. तो फिल्टरच्या मागे तिरका होऊन पडला. तोंड उघडत होतं, मिटत होतं. वर यायचा धीर होत नव्हता.

ललिताबाईंचं तिकडे लक्ष गेलं. "अहो, धावा! हा मरतोय!"

"चार फुटांची जागा आहे," मोरेश्वरराव उठत म्हणाले. "माशांना वाटून घेण्याची अक्कलच नसते." एवढ्यात शेजारचे सबनीस आत आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. "सबनीस, ती माझी खुर्ची," मोरेश्वरराव म्हणाले, आणि मग बादली आणायला गेले.

ललिताबाईंनी सोनबाला आधी बाहेर काढलं. कमी पाण्याच्या बादलीत तोंड वर येताच त्याने अशी हवा ओढली की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भालेरावांना दुसऱ्या बादलीत घातलं. मग बाईंनी पदर खोचला आणि आख्खं जंगल उपसलं. दगड तिकडचे इकडे केले. वनस्पती उपटून दुसरीकडे लावल्या. पाइप आणि करवंटी बाहेर काढून एक वाकडंतिकडं लाकूड आत ठेवलं. फक्त अक्का काचेला चिकटून होत्या. त्यांना कुणी हलवलं नाही.

चार दिवसांनी सोनबाचं शेपूट भरून येऊ लागलं, तेव्हा दोघांना एकदमच आत सोडलं.

भालेराव ऐटीत पाइपाकडे निघाले आणि दगडावर आपटले. उजवीकडे वळले, तिथे झाडी. मागे वळले तर लाकूड. त्यांना बिचिर असूनही धाप लागली. शेवटी ते लाकडाखाली शिरले. तिथे सोनबा आधीच घाबरून बसला होता.

"हे कोणतं गाव?" भालेरावांनी विचारलं.

"मलाही ठाऊक नाही, काका. या, बसा."

भालेराव बसले. भीती वाटत होती, म्हणून जरा जवळच बसले. दोघं एकत्र वर गेले, हवा घेऊन एकत्र खाली आले. महिनाभर असं चाललं.

मग एके दिवशी भालेरावांना चैन पडेना. ते काचेपाशी गेले. "अक्का, तुम्ही सगळं पाहिलंय. माझी हद्द नेमकी कुठून कुठपर्यंत होती हो?"

गोदाक्कांना सगळं आठवत होतं. पाइप कुठे होता, सावली कुठवर पडायची, सोनबा कुठे तडफडत होता. इंच अन् इंच. त्यांनी लाकडाखाली झोपलेल्या सोनबाकडे पाहिलं.

"हद्द?" अक्का म्हणाल्या. "कसली हद्द, भालेराव? मला मेलीला काल काय खाल्लं ते आठवत नाही."

"असं होय," भालेराव म्हणाले, आणि जाऊन सोनबाशेजारी झोपले.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र ज्यांची स्मरणशक्ती चांगली आहे त्यांनी ती शेजारच्यांसाठी वापरू नये.