समुद्रासाठी साडेसतरा किलो

अरबी समुद्रात शेवाळ माजलं असून त्याला दिघाशीचा जिव्या जबाबदार आहे, अशा आशयाचं पत्र २००७च्या जूनमध्ये माझ्या टेबलावर आलं. पत्रात जिव्याचं नाव नव्हतं. तेवढं काम कृषी सहायकाने, म्हणजे मी, करायचं होतं. शेतातलं जादा खत ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातं, तिथे शेवाळ वाढतं आणि मासा गुदमरतो. समुद्र सर्वांचा सामायिक असल्याने प्रत्येक शेतकऱ्याने खताचा वापर तीस टक्के कमी करावा, असा आदेश होता. शास्त्र खरं होतं. नोकरीत खरं शास्त्र पहिल्यांदाच माझ्या हाती लागलं होतं, आणि ते कसं वाया घालवायचं याचा मला दांडगा अनुभव होता.

माझ्याकडे दिघाशी गाव आणि दापोड्याचा अतिरिक्त कार्यभार होता. दिघाशीच्या पाड्यावर जिव्या वीस गुंठे भात लावतो. रोपासाठी पालापाचोळा जाळून राब भाजतो आणि लावणीनंतर युरियाची अर्धी गोण टाकतो. उरलेली अर्धी शेजारचा दामू नेतो. पन्नास किलोची एक गोण दोघांत, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. शिफारशीपेक्षा हे खत कमीच होतं, पण पत्रात शिफारशीचा उल्लेख नव्हता.

"जिव्या, तुझ्या खताने समुद्र बिघडलाय," मी म्हणालो.

"सायेब, मी समुद्र पायला बी न्हाय."

"न बघताही बिघडवता येतो."

त्याने जरा विचार केला. "तुमच्या हापिसाचा संडास कुटं जातो?"

"तो विषय दुसऱ्या खात्याचा आहे."

खरं तर आमच्या संडासाचा पाइप खिडकीखालच्या नाल्यात उघडा सोडलेला आहे आणि नाला पुढे नदीला मिळतो. मी रोज त्याच खिडकीशी बसून चहा पितो. पण पत्रासोबत भरून पाठवायचा जो नमुना आला होता, त्यात रकाना फक्त खताचा होता.

पंचवीस किलोतून तीस टक्के वजा करून मी जिव्याला साडेसतरा किलोची चिठ्ठी दिली. दामूलाही तेवढ्याचीच दिली. जिव्याची बायको सखी म्हणाली, "एवड्यानं भात पिवळा पडंल, सायेब. आमाला वरीसभर तेच खायाचं हाय." मी तिला समुद्राचं चित्र असलेलं माहितीपत्रक दिलं.

अंबाडीच्या दुकानदाराने दोन्ही चिठ्ठ्यांची बेरीज केली. पस्तीस किलो. गोण फोडून विकायला नियमाने बंदी, आणि अख्खी गोण द्यायला माझ्या चिठ्ठीची बंदी. "माल दापोड्याच्या गोदामातून पन्नास-पन्नासच्या गोणीत येतो. साहेबांना सांगा, पस्तीसची बनवून घ्या," असं म्हणून त्याने दोघांना रिकाम्या हाताने परत पाठवलं.

मी मॅडमना, म्हणजे आमच्या तालुका अधिकाऱ्यांना, अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अख्खी गोण दिली तर कपात किती दिसेल?"

"शून्य, मॅडम."

"आणि काहीच दिलं नाही तर?"

"शंभर टक्के."

"मग अडचण कसली?"

मी मान डोलावली. माझी बढती त्याच मानेवर अवलंबून होती.

दापोड्यात शेत शोधत मी तासभर हिंडलो. दोन्ही बाजूंना गोदामं आणि मध्ये ट्रक. अखेर एका गोदामाच्या पडवीत खुर्ची टाकून बसलेले केसरीनाथशेठ भेटले. त्यांच्या वडिलांनी इथे भात पिकवला, खाडीत जाळं टाकलं. शेठ गोदामं भाड्याने देतात.

"शेठ, गेल्या साली खत किती?"

"सात. समदी रजिस्टर, भाऊसाहेब."

खताची इतकी चोख नोंद ठेवणारा शेतकरी मला प्रथमच भेटत होता. "आणि यंदा?"

"एकबी न्हाय. आता उरलंय काय?"

नमुन्यात एकक छापलेलंच होतं, मेट्रिक टन. मी सात लिहिलं आणि पुढच्या रकान्यात शून्य. शेत कुठे आहे, हा प्रश्न मला पडला होता. त्यालाही रकाना नव्हता. गोदामामागे युरियाच्या फुटक्या गोणी पावसात भिजत होत्या आणि विरघळलेला युरिया गटारातून खाडीकडे चालला होता. "ते भाडोत्र्याचं हाय," शेठ म्हणाले. मी निश्चिंत झालो. पत्रात खताचा 'वापर' असा शब्द होता, आणि हे खत तर कोणीच वापरत नव्हतं.

ऑक्टोबरात सभागृहात सत्कार झाला. सात टन खत वाचवल्याबद्दल शेठना शाल-श्रीफळ, मला प्रशस्तिपत्र. शेठनी माइक धरला.

"गेल्या साली मी गोदामवाल्यांना सात खरेदीखतं करून दिली. उरल्या जमिनीवर माझीच गोदामं. यंदा इकायला काय न्हाय, म्हणून एकबी खत केलं न्हाय. त्याचा बी सरकार सत्कार करतंय, बरं वाटलं."

सात टन युरिया म्हणून मी सात विकलेली शेतं लिहून दिली होती. पण मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "हाच कायमचा उपाय आहे. शेतच नसेल तर खत कुठून येणार? यापुढे जिल्हाभर 'दापोडे पॅटर्न' राबवू." टाळ्या सर्वांत जोरात मीच वाजवल्या.

पॅटर्नच्या अहवालासाठी फोटो हवे होते, म्हणून दिवाळीनंतर पुन्हा दापोड्याला गेलो. ट्रकमधून पाठीवर युरियाची गोण घेऊन जिव्या उतरत होता.

"भात श्रावणातच पिवळा पडला, सायेब. निम्मी कणगी बी भरली न्हाय, म्हून हमालीला आलो." त्याने गोण थप्पीवर टाकली. "तवा अर्दी मिळत नव्हती. आता अख्खी उचलतो. दिसाला दोनशे."

मला लाज वाटली. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. फोटो तोवर काढून झाले होते.

"तुमच्या संडासाचं काय झालं?" त्याने विचारलं.

"फाइल वर गेली आहे."

"आनि पानी?"

"ते खालीच जातं."

वाचकहो, तुम्ही मला हसत असाल तर खुशाल हसा, माझी तेवढीच लायकी आहे. फक्त तुमच्या मोरीचं आणि संडासाचं पाणी पुढे कुठे जातं, ते एकदा आठवून पाहा. मी विचारायला येणार नाही. आमच्या नमुन्यात तुमचाही रकाना नाही.