एक बेल, पाच बटणं

आमचे माधवभावोजी बसच्या थांब्यावर कधीही उभे राहत नाहीत. कुंभकोणमला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांब्याची चांगली रंगवलेली पाटी आहे. भावोजी मात्र पार पलीकडे, नारळवाल्याच्या गाडीपाशी! विचारलं की म्हणतात, "वहिनी, पाटी म्हणजे लॉजिकल टर्मिनल. नुसतें नाव. नाचियारकोविलची बस थांबते ती इथें. हें फिजिकल." आणि बस खरंच तिथे थांबते. पाटीखालची माणसं मग बोंबलत धावत येतात.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. बंगळूरच्या एका कंपनीसाठी घरबसल्या चिपचे आराखडे काढतात. मी पुण्याची, लग्न होऊन चेन्नईला आले. त्यांची तंजावरी मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, बखरीतून एखादा कारकून उठून आलाय. "जेवण जाहलें का?" असं मला विचारतात आणि लगेच मॉनिटरकडे वळून तमिळमध्ये करवादतात.

चिपमध्ये म्हणे एकाच टर्मिनलला धातूचे चार-पाच तुकडे, म्हणजे पिना, असतात. नाव एक, जागा अनेक; तार कुठल्याही तुकड्याला जोडा, सारखंच. हे त्यांनी मला इडलीवर चटणीचे ठिपके देऊन समजावलं आणि मग ती इडली काही मला खाऊ दिली नाही. पण समजलं बरं का! असा शिकवणारा मिळायला नशीब लागतं.

गेल्या वर्षी काचबिंदूने सासूबाईंची नजर गेली. कुंभकोणमच्या घरात त्या आणि भावोजी, दोघंच. आमचे हे म्हणाले, "अम्मेला चेन्नईला आणू. माधव कानाला हेडफोन लावून बसतो. ती पडली तरी त्याला कळायचं नाही." सासूबाई हलायला तयार नव्हत्या. शेवटी त्यांना घेऊन यायला मलाच धाडलं.

जाऊन बघते तो घरभर बटणं! पलंगाशी, चुलीपाशी, न्हाणीत, झोपाळ्याशी, परसात तुळशीजवळ. "टर्मिनल एक, पिना पाच," भावोजी ऐटीत म्हणाले. कुठलंही दाबा, बेल एकच, त्यांच्या टेबलावरची.

तेवढ्यात ती वाजलीच. भावोजी ताडकन उठले आणि कमरेची वेष्टी सावरत पलंगाकडे पळाले. कोणी नाही. चुलीकडे. नाही. न्हाणीच्या दारावर थाप. "अम्मा! कुठें आहेस गे?" सासूबाई परसात, तुळशीच्या कट्ट्यावर आरामात.

मला हसू आवरेना. एवढा हुशार इंजिनीअर, आणि कुठलं बटण दाबलं तेच कळत नाही! "अहो, प्रत्येक बटणाला वेगळा सूर लावा की!"

"लावले होते. नीट चालत होते," भावोजी मान खाली घालून म्हणाले. "अम्मेनेंच काढविले." आणि पाणी आणायला आत गेले.

"का हो?" मी सासूबाईंना विचारलं.

"सूर होते तेव्हां सरळ यायचा, काय हवें तें द्यायचा, जायचा," त्या हळूच म्हणाल्या. "आतां घरभर हाका मारत फिरतो. दिवसभर त्या डब्यासमोर मुका बसतो गे पोर. मी चेन्नईला गेलें तर हा कुणाला हाक मारणार?"

मी बॅग तशीच ठेवली आणि ह्यांना फोन लावला. "भावोजींना सगळं ऐकू येतं," म्हटलं. "अम्मा इथेच राहणार."

संध्याकाळी मी आणि सासूबाई झोपाळ्यावर बसलो होतो. झोपाळा भावोजींच्या टेबलाच्या अगदी समोर. सासूबाईंनी चाचपून बटण दाबलं. भावोजींनी मान वर केली, आमच्याकडे बघितलं. मग कॉफी तशीच टाकून उठले आणि पलंगाकडे धावले.

"अम्मा! कुठें आहेस गे?"