मोजून वाचणारे जगताप सर

आमचे जगताप सर पेपर आधी मोजत आणि मग वाचत. सांगलीचा पेपर कडेगावला दुपारच्या एसटीनं यायचा. तो आला की सर शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकत, त्यावर पेपर पसरत आणि लाकडी फूटपट्टीनं एकेक बातमी मोजून वहीत लिहीत. मंत्र्यांच्या सत्काराला किती इंच, आटलेल्या विहिरींना किती, सगळं. मला पेपरातलं फक्त शब्दकोडं लागे. पण मोजणी संपेपर्यंत पानाला हात लावायची सोय नव्हती. "थांब गड्या, चौथं पान व्हायचंय," असं म्हणून ते माझा हात बाजूला सारत.

मी गणिताचा मास्तर, ते मराठीचे. मूळचे औंधचे, पन्नाशीला टेकलेले आणि बिनलग्नाचे. शाळेजवळच्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. स्वयंपाक माझ्याकडे असे, कारण सरांना स्टोव्हपुढे बसवलं की ते हटकून अग्रलेख उघडत.

शुक्रवारचा शेवटचा तास त्यांनी हट्टानं मागून घेतला होता. त्यात ते पोरांना पेपर वाचायला शिकवत. हा कुठला विषय, असं हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "शहाणपण." हेडमास्तरांनी पुन्हा काही विचारलं नाही. तासाला कुठलीही बातमी वाचली की सरांचा प्रश्न ठरलेला: "कुणी सांगितलं, आणि सांगून त्याला काय मिळालं?" एकदा टॉनिकच्या जाहिरातीतल्या पैलवानाचं चित्र बघून मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, ह्यो गडी माझ्या मामाच्या तालमीतला हाय. टॉनिकवर न्हाई, म्हशीच्या दुधावर वाढलाय." सर इतके खूश झाले की त्याला त्यांनी भर वर्गात वार्ताहर म्हणून जाहीर केलं.

याचा ताप गावाला व्हायचा. एका पोराचे वडील तणतणत शाळेत आले. "आवं सर, पोरगं मला इचारतंय, तुमी सोता बघितलं का म्हणून. म्या बाप हाय का आरोपी?" सरांनी त्यांना चहा पाजला आणि मग विचारलं, "पण बघितलं होतं का तुम्ही?" त्यांनी बघितलं नव्हतं.

सांगलीच्या त्या पेपरात दुकानदारांची स्तुती बातमीसारखी छापून येई. सरांचं पित्त खवळे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराखाली 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा, म्हणून त्यांनी संपादकांना पोस्टकार्डांमागून पोस्टकार्डं धाडली. शेवटी संपादक कंटाळले आणि मुंगीएवढ्या अक्षरात का होईना, तो शब्द छापू लागले. सरांनी त्या दिवशी शाळेत बत्तासे वाटले. मग तो शब्द शोधणं हा पोरांचा खेळच झाला. त्यात नववीतली सुमन सगळ्यांत तरबेज. पेपर हातात आला की तिची नजर आधी मजकुराच्या तळाशी जायची.

बहात्तरच्या दुष्काळात सुमनची आई तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. तिथं दरड कोसळली आणि ती गेली. पेपरात दोन ओळी आल्या: दरड कोसळून एक स्त्री मजूर ठार. दिवसकार्य उरकून सुमन शाळेत आली, मागचे अंक काढून तिनं त्या ओळी वाचल्या आणि म्हणाली, "सर, आईला नाव हुतं की. का न्हाई छापलं?"

 सोमवारी सर रजा टाकून सांगलीला गेले.

संपादक म्हणाले, बातमी शिळी झाली, आता जागा नाही; पैसे भरून छापायचं तर छापू. सरांनी खिसा रिकामा केला आणि तिथंच बसून मजकूर लिहिला. तलावाच्या कामावर दरडीखाली गेलेल्या त्या बाईंचं नाव गंगूबाई; त्या खडी फोडत आणि मुलीला शिकवत. मग त्यांनी विनवणी केली, की याच्याखाली तेवढा तो शब्द घालू नका. संपादकांनी ड्रॉवर उघडून सरांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, नियम तुमचाच आहे."

परत आल्यावर सरांनी मला सगळं सांगितलं आणि कुणाला न सांगण्याचा शब्द घेतला. "तिला वाटलं पाहिजे गड्या, पेपरनं आपणहून छापलं म्हणून." दुसऱ्या दिवशी वर्गात ते म्हणाले, की संपादकांना चूक कळली आहे, शुक्रवारी नाव येईल. सरांच्या तोंडून खोटं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

शुक्रवारी त्यांनी पेपर मोजला नाही. घडी न मोडता तो सुमनच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी दारात होतो. तिनं चार ओळी वाचल्या. नजर सवयीनं खाली गेली आणि तिथं जरा थांबली. मग तिनं पेपर नीट मिटला. "नाव बरूबर छापलंय, सर. घरी न्हेऊ का?" सरांनी मान हलवली.

शाळा सुटल्यावर ती गणिताची वही घेऊन माझ्याकडे आली. वही उघडली नाही. "सर, त्येच्याखाली जाहिरात म्हणून लिवलंय. जगताप सरांनी पैसं भरल्यात, व्हय?"

मी तिची वही ओढून घेतली आणि उगाच पानं चाळू लागलो.

"मला कळलंय म्हणून त्यास्नी सांगू नका. लय वाईट वाटंल त्यास्नी." मी कबूल झालो.

संध्याकाळी जेवताना सर भाकरी तशीच ठेवून बसले होते. "कळलं नसेल ना रे तिला?"

"छे," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी भराभरा दोन घास खाल्ले, आणि तिसरा हातातच राहिला.

"नाही कळलं म्हणतोस," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं शिकवलं, आणि सुमनलासुद्धा कळलं नाही."

सगळं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. पण त्या पोरीला शब्द दिला होता. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी पाण्याचा तांब्या भरून आणायला उठलो.