पळसटोला सापडेना

सुकलूभाऊंनी चौथ्यांदा 'पळसटोला' असं टाइप केलं आणि पडद्यावर चौथ्यांदा तेच आलं : 'एकही नोंद आढळली नाही.' मागच्या खुर्चीवर बसलेल्या हर्षाने वहीत लिहिलं, 'वापरकर्ता उसासा टाकतो.'

डिजिटल ग्रंथालय लोकांना वापरता येतं की नाही, या विषयावर प्रबंध लिहायला ती चंद्रपूरहून कुरखेड्याच्या वाचनालयात आली होती. मानववंशशास्त्राचे अभ्यासक एखाद्या पाड्यावर मुक्काम ठोकून माणसं न्याहाळतात, तसं तिनं इथं बसायचं होतं. नुसतं बघायचं, मदत करायची नाही, अशी तिच्या मार्गदर्शक सरांची सक्त ताकीद होती. तीच तिनं सकाळी ग्रंथपाल गुणवंतरावांनाही देऊन ठेवली होती.

सुकलूभाऊंना हवं होतं त्यांच्या गावाचं, पळसटोल्याचं निस्तारपत्रक, म्हणजे गावाचे जंगलावरचे जुने हक्क लिहिलेला कागद. चार वाजता वनहक्काच्या दाव्याची शेवटची सुनावणी होती. तीन वाजून गेले होते.

"बाई, हे 'संग्रह निवडा' म्हून राह्यलं. कोनता निवडू?"

हर्षाने वहीत लिहिलं, 'वापरकर्ता मदत मागतो.'

"तुमाले बोलता येत नाई का?"

एवढ्यात त्यांचं बोट कुठंतरी पडलं आणि सगळा पडदा इंग्रजीत गेला. हर्षाने एकदा वहीकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं. एका माणसाचा प्रबंध आणि अख्ख्या गावाचं जंगल! तिनं वही फेकली. "सरका भाऊ," म्हणत माउस ओढून घेतला.

पण तिलाही सापडेना. तालुका निवडला की जिल्हा पुसला जाई, जिल्हा निवडला की गाव. साडेतीनला पडद्यानेच हात झटकले : 'आपला वेळ संपला आहे. पुन्हा प्रवेश करा.'

"गुणवंतराव!" ती रडकुंडीला येऊन ओरडली.

गुणवंतराव उठले. ज्या जाड पुस्तकावरून निस्तारपत्रकांची पानं संगणकात चढवली होती, ते त्यांनी कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. पळसटोला, पान त्रेचाळीस.

"मग आतापर्यंत काऊन नाई सांगितलं?" हर्षाने विचारलं.

"तुमीच म्हनलं ना मॅडम, मदत करू नोका. तासभर तोंड दाबून बसलो मी."

पुस्तक घेऊन हर्षा आणि सुकलूभाऊ स्कुटीवरून सुनावणीच्या कचेरीत पोचले तेव्हा चारला दहा कमी होते. तिथल्या बाबूने पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुस्तक नाई चालत. साइटवरची प्रिंट पायजे."

"पान त्रेचाळीस, बघा तरी!" हर्षा गयावया करू लागली. सुकलूभाऊ मात्र खुर्ची ओढून बाबूसमोर बसले.

"साहेब, मले त् काई समजत नाई. तुमीच काढून द्या. मी बसतो पाहात."

बाबूने ऐटीत साइट उघडली. जिल्हा निवडला. तालुका निवडला. पुन्हा जिल्हा निवडला. आतून पहिला पुकारा झाला, 'पळसटोला! बाबू, कागद आणा!' बाबूने चष्मा पुसला. दुसऱ्या पुकाऱ्याला त्याच्या कपाळावर घाम आला.

तिसऱ्या पुकाऱ्याला बाबू ताडकन उठला.

"आना ते पुस्तक! पान कोनतं म्हनलं?" आणि झेरॉक्स काढायला स्वतःच पळत सुटला.