नानांची मंडळी

मुलांनो, दिवाळीत आलात तेव्हा माझ्या फ्रीजमधली काचनळी बघून तुम्ही नाकं मुरडलीत. तिकडे परत गेल्यावरही फोनवर विचारता, "आजी, फेकलीस का ती?" फेकलेली नाही. कारण एकदा नीट लिहून ठेवते.

देवपूरला आमच्या शेजारी भास्करनाना राहत. भर मे महिन्यात ते छत्री उघडून येत. छत्री पिशवीवर, डोकं उन्हात. पिशवीत भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतून काढलेले जिवाणू. नाना त्यांना 'मंडळी' म्हणत. "मला ऊन लागलं तर ताक पिईन, अक्का. मंडळी काय पितील?"

ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. गल्लीत फ्रीज एकच, आमचा. त्यात लोणच्याच्या बरणीशेजारी कापसाचं बूच लावलेली त्यांची नळी उभी असे. दारातून आधी फ्रीजला आपल्या अहिराणीत विचारत, "बठ्ठं ठीक शे ना?" सगळे ठीक ना, असं. मग मला नमस्कार. मी म्हणे, "नाना, चपला बाहेर."

पुढे नोकरी सोडून त्यांनी नरडाण्याला जिवाणू खताचा कारखाना काढला. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायची ती पाकिटं दोंडाईचापर्यंत जाऊ लागली. गाडी आली, कारखान्यात मोठी शीतखोली झाली. तरी एक नळी माझ्याकडेच. दर तीन महिन्यांनी ताजी आणून ठेवत.

एका वर्षी पेरणीच्या तोंडावर ज्यांतून सगळा माल वाढवायचा, त्या कारखान्यातल्या सगळ्या मूळ नळ्यांना बुरशी लागली. मॅनेजर म्हणाला, "आहे तोच माल पाठवू. मेलेले जिवाणू कुणाला दिसतात?"

"मंग शेतकरीनी पेरनी वाया जाई, ती तू भरी देशी का?" असं विचारून नाना तडक आमच्याकडे आले. नेमका मी बर्फ काढायला फ्रीज रिकामा केला होता. फ्रीजचं उघडं दार बघून ते उंबऱ्यातच बसले.

"अक्का, मंडळी?"

"माठाशेजारी, ओल्या फडक्यात. आणि चपला बाहेर."

त्या एका नळीवर पंधरा दिवसांत पाकिटं निघाली. नंतर ते ताजी नळी घेऊन आले, तेव्हा मी म्हटलं, "आता तुमच्याच शीतखोलीत आणखी एका कपाटात ठेवा की."

नानांनी बशी खाली ठेवली. "कारखानामा बठ्ठा माले साहेब म्हनतस, अक्का. घरमा कोनीच काही म्हनत नही."

त्यांच्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. "येत जा. पण चपला बाहेरच," म्हणत मी नळी लोणच्याशेजारी ठेवून दिली.

नाना गेले. कारखान्याचा माणूस अजून दर तीन महिन्यांनी ताजी नळी आणून देतो. नानांनी तसं लिहून ठेवलंय म्हणे. मंडळी जिवंत आहेत.